छापील संशोधन पुन्हा जुळेल काय? भाषा मॉडेलची मदत कोठे घ्यावी, कोठे घेऊ नये

संजीवक, जैविक खत किंवा विद्राव्य खत विकत घेताना हल्ली बाटलीसोबत एक गुळगुळीत पत्रक मिळते. त्यावर ‘संशोधनाने सिद्ध’, ‘उत्पादनात ६.४ टक्के वाढ’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. काही पत्रकांवर शोधनिबंधाचे नाव आणि तक्ताही असतो. पूर्वी असे पत्रक घेऊन शेतकरी कृषी सहाय्यकाकडे किंवा कृषी विज्ञान केंद्रात येत. आता मेळाव्यात वेगळाच प्रश्न येतो. “साहेब, पत्रकाचा फोटो मोबाईलवरच्या एआयला दाखवला. ते म्हणते संशोधन भरवशाचे आहे. मग घेऊ का?”

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात दोन प्रश्न आहेत. पहिला, छापलेला निष्कर्ष दुसऱ्याने तोच प्रयोग पुन्हा केला तर जुळेल काय? दुसरा, हे जुळेल की नाही ते संगणकाला नुसता निबंध वाचून सांगता येईल काय? दुसऱ्या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत बरेच काम झाले आहे. त्याची माहिती या लेखात देत आहोत. मात्र सुरुवात पहिल्यापासूनच करावी लागेल.

एका वाफ्यावर भरवसा का ठेवू नये

प्रयोगाची पुनरावृत्ती ही कल्पना शेतातच वाढली. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे जॉन लॉज यांनी १८४३ साली गव्हावर खतांचे प्रयोग सुरू केले. ब्रॉडबाल्क नावाच्या त्या शेतातील प्रयोग आजही चालू आहे. पाऊणशे वर्षांच्या नोंदी साचल्यावर त्यांचा अर्थ लावण्यासाठी १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर या तरुण गणितज्ञाला तेथे नेमण्यात आले. जुन्या नोंदी चाळण्याच्या या कामाला तो उकिरडा उकरणे म्हणत असे. त्या उकिरड्यातून चांगले खत निघाले. एकच उपचार अनेक वाफ्यांत घ्यावा, कोणत्या वाफ्यात कोणता उपचार हे चिठ्ठी टाकून ठरवावे आणि सारख्या जमिनीचे वाफे एका गटात ठेवावेत, ही त्रिसूत्री त्याने मांडली. १९३५ च्या त्याच्या प्रयोग-आखणीवरील पुस्तकामुळे ती जगभर गेली. आपल्याकडे वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांच्या कृषी संख्याशास्त्राच्या पुस्तकाने हे ज्ञान रुजवले. भारतीय कृषी संशोधन परिषदेने ते १९५४ मध्ये प्रसिद्ध केले आणि कृषी पदवीधरांच्या कितीतरी पिढ्या त्यावर शिकल्या. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे.

हे सर्व कशासाठी, ते एका उदाहरणाने पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, सोयाबीनवर एका संजीवकाची फवारणी चार गटांत घेतली. फवारलेल्या वाफ्यांचे उत्पादन हेक्टरी २२, १९, २४ आणि १८ क्विंटल आले. त्याच गटांतील न फवारलेल्या वाफ्यांचे २०, १८, २१ आणि १९ क्विंटल आले. पहिल्याची सरासरी २०.७५, दुसऱ्याची १९.५०. फरक १.२५ क्विंटल, म्हणजे ६.४ टक्के. पत्रकावर हाच आकडा छापला जाईल आणि त्यात खोटे काहीच नसेल.

आता गटवार फरक पहा. पहिल्या गटात २ क्विंटल जास्त, दुसऱ्यात १, तिसऱ्यात ३ आणि चौथ्यात उलट १ क्विंटल कमी. नुसत्या जमिनीच्या चढ-उतारानेही एवढा फरक पडू शकतो. संख्याशास्त्राच्या रीतीने हिशेब केला तर या प्रयोगाचा क्रांतिक फरक २.७२ क्विंटल येतो. दोन सरासरींतील अंतर त्याहून जास्त असेल तरच ते फवारणीमुळे पडले असे मानण्यास आधार मिळतो. येथे अंतर १.२५ आहे. म्हणजे फवारणी निरुपयोगी ठरली असे नाही, पण उपयोगी ठरली असेही नाही. हा प्रयोग दुसऱ्याने केला तर वाढ दिसेल, दिसणार नाही किंवा घटही दिसेल.

पैशात बोलायचे तर हेक्टरी १.२५ म्हणजे एकरी अर्धा क्विंटल. भाव ४,५०० रुपये धरला तर २,२५० रुपये. फवारणीचा एकरी खर्च १,५०० रुपये असेल तर कागदावर ७५० रुपये उरतात. फरक खरा नसेल तर ते उरत नाहीतच, वर पदरचे १,५०० रुपये जातात. दहा एकरांवर हा आकडा १५,००० होतो.

येथे स्वतःची एक चूक सांगतो. विस्तार कार्यात नवा असताना हरभऱ्यावरील एका फवारणीचा निष्कर्ष मी एका नियतकालिकात वाचला आणि दोन-तीन गावांच्या सभांत उत्साहाने सांगितला. प्रयोग एकाच हंगामातील, एकाच ठिकाणचा होता, हे वाचले होते. पण त्याचे वजन कळले नव्हते. पुढच्या रब्बीत अवेळी पाऊस झाला, थंडी लांबली आणि फवारलेल्या-न फवारलेल्या हरभऱ्यात काही फरक दिसेना. पुढच्या सभेत एका वडीलधाऱ्या शेतकऱ्याने वहीतला खर्च शांतपणे वाचून दाखवला. ते रागावले नाहीत. “तुम्ही स्वतः किती वर्षं बघितलं होतं?” एवढेच त्यांनी विचारले. मी काही बघितले नव्हते. विद्यापीठाची शिफारस बाहेर पडण्यापूर्वी साधारणपणे तीन हंगामांचे आणि शक्यतो निरनिराळ्या ठिकाणांचे निष्कर्ष का मागतात, ते त्या दिवशी नीट समजले.

हा रोग फक्त शेतीत नाही

छापलेले निष्कर्ष पुन्हा न जुळणे ही सर्व शास्त्रांची अडचण आहे. औषधनिर्मितीतील एका मोठ्या अमेरिकन कंपनीतील शास्त्रज्ञांनी कर्करोगावरील ५३ गाजलेले निष्कर्ष पुन्हा तपासले. फक्त ६ जुळले. ही माहिती २०१२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मानसशास्त्रातील १०० अभ्यास अनेक देशांतील संशोधकांनी मिळून पुन्हा केले आणि त्याचे फलित २०१५ मध्ये आले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम लक्षणीय होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच लक्षणीय आला.

२०२१ मध्ये पूर्ण झालेला कर्करोग संशोधनाचा प्रकल्प आपल्या दृष्टीने अधिक बोलका आहे. ५३ निबंधांतील १९३ प्रयोग पुन्हा करावयाचे ठरले होते. प्रत्यक्षात २३ निबंधांतील ५० प्रयोगच पूर्ण होऊ शकले. कारण काय, तर १९३ पैकी एकाही प्रयोगाची माहिती निबंधात इतकी पूर्ण नव्हती की मूळ लेखकांना न विचारता तो पुन्हा मांडता यावा. आपल्या भाषेत सांगायचे तर, औषधाचे नाव दिले पण मात्रा नाही. मात्रा दिली तर पाणी किती ते नाही. दोन्ही दिले तर पीक किती दिवसांचे होते ते नाही.

यात लबाडी थोडी आणि घाई फार असते. वाढ दिसली तर निबंध छापला जातो, न दिसली तर वही कपाटात जाते. दहा ठिकाणी प्रयोग झाला आणि दोन ठिकाणी योगायोगाने वाढ दिसली, तर वाचकाच्या हाती ते दोनच येतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

भाषा मॉडेल म्हणजे काय

मोबाईलवर आपण ज्याला प्रश्न विचारतो त्या एआयच्या मुळाशी भाषा मॉडेल असते. हा एक संगणकीय कार्यक्रम आहे. त्याला प्रचंड मजकूर वाचायला देऊन, मागील शब्दांवरून पुढचा शब्द कोणता येईल हे ओळखण्याचा सराव दिलेला असतो. या सरावातून तो भाषा, विषयांची माहिती आणि बराचसा तर्कही उचलतो. मात्र त्याने शेत पाहिलेले नाही. शेताविषयी लिहिलेले वाचले आहे.

बाजार समितीतला मुरलेला अडत्या पोत्यात हात घालतो, दाणा दाताखाली धरतो आणि ओलावा सांगतो. हजारो पोती हाताखालून गेल्यामुळे त्याचा अंदाज बऱ्याच वेळा बरोबर येतो. तरी भाव ठरताना वाद झाला तर ओलावा मापक आणावा लागतो. निबंध वाचून ‘हा जुळेल, हा जुळणार नाही’ असे सांगणारे मॉडेल हे त्या अडत्यासारखे आहे. मापकाचे काम पुन्हा केलेला प्रयोगच करतो.

अंदाज कितपत खरा ठरला

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने २०१९ मध्ये ‘स्कोअर’ नावाचा कार्यक्रम हाती घेतला. समाजशास्त्रे व वर्तनशास्त्रांतील निष्कर्षांवर किती भरवसा ठेवावा, याचे गुण माणसांनी आणि संगणकाने द्यावेत, असा त्याचा हेतू होता. २०२० मध्ये यांग, योयो आणि उझी या संशोधकांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. त्यांनी आधी सुमारे २० लाख निबंधांच्या गोषवाऱ्यांवरून शब्दांचे परस्परसंबंध संगणकाला शिकवले. मग जे ९६ अभ्यास प्रत्यक्ष पुन्हा करून पाहिले होते, त्यांतील कोणते जुळले आणि कोणते नाही ते दाखवले. नंतर न पाहिलेल्या अभ्यासांविषयी विचारले. तज्ज्ञांकडून पैजा लावून घेतलेल्या अंदाजाच्या तोडीचा अंदाज या यंत्राने दिला. विशेष म्हणजे निबंधातील आकड्यांपेक्षा मजकुराच्या भाषेतून त्याला अधिक सुगावा लागला. आजच्या मोठ्या भाषा मॉडेलांच्या मानाने ते यंत्र अगदी साधे होते.

याच मंडळींनी २०२३ मध्ये ही पद्धत वीस वर्षांतील मानसशास्त्राच्या १४ हजारांहून अधिक निबंधांना लावली. त्यात एक गोष्ट आढळली, ती आपणही वहीत टिपून ठेवावी. ज्या निबंधाला वर्तमानपत्रांत व इतर माध्यमांत जास्त प्रसिद्धी मिळाली, त्याच्या जुळण्याची शक्यता यंत्राने कमी दाखवली. कृषी प्रदर्शनातील मोठे फलक पाहताना मला याची आठवण होते.

या कामावर त्याच वर्षी इतर शास्त्रज्ञांनी आक्षेपही घेतले आणि ते विचारात घेण्यासारखे आहेत. शे-सव्वाशे उदाहरणांवर शिकलेले यंत्र हजारो निबंधांना लावणे म्हणजे चार वाफ्यांवरून तालुक्याचा अंदाज बांधण्यासारखे आहे. शिवाय यंत्र भाषा पाहून गुण देते असे एकदा कळले की लेखक तशी भाषा लिहू लागतील. दाण्याला चकाकी आणण्यासाठी तेलाचा हात फिरवतात, तसाच हा प्रकार.

आपल्यासाठी मुख्य अडचण आणखी वेगळी आहे. या चाचण्या मानसशास्त्र, अर्थशास्त्र अशा विषयांवर झाल्या. सोयाबीन, कापूस, डाळिंब यांवरील प्रयोगांत जमीन, पाऊस, वाण आणि पेरणीची तारीख यांचा जो प्रभाव असतो, तो त्या विषयांत नाही. हवामान खात्याच्या अंदाजाची पारख पुढे पडलेल्या पावसावरून होते. शेतीच्या निबंधांबाबत मॉडेलच्या अंदाजाची तशी पारख होईपर्यंत, ‘हा निष्कर्ष जुळण्याची शक्यता ७० टक्के’ असे मोबाईलने सांगितले तर त्या ७० ला वजन देऊ नये.

हिशेब पुन्हा मांडण्याचे काम

भाकितापेक्षा खालच्या पायरीचे, पण जास्त भरवशाचे काम म्हणजे तीच आकडेवारी घेऊन तोच हिशेब पुन्हा करणे. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये ९० निबंधांवरून २७० कामांची एक परीक्षा तयार केली. निबंधासोबत दिलेली आकडेवारी आणि संगणकीय सूचना वापरून छापलेले उत्तर पुन्हा मिळवायचे, अशी ती परीक्षा होती. सर्वांत अवघड पातळीवर त्या वेळच्या उत्तम यंत्रणेला २१ टक्के कामेच जमली. त्यानंतर ही कामगिरी झपाट्याने सुधारत गेली आहे. मात्र हिशेब बरोबर आला म्हणजे प्रयोग बरोबर होता असे नाही. मोजणीच चुकीची असेल तर बेरीज कितीही वेळा बरोबर येईल.

काही तपासण्या तर मॉडेलविनाही होतात. निक ब्राउन आणि जेम्स हेदर्स यांनी २०१६ मध्ये मांडलेली एक युक्ती पहा. समजा, एका तक्त्यात लिहिले आहे की १५ झाडे मोजली आणि झाडामागे बोंडांची सरासरी २२.४२ आली. बोंडे पूर्ण संख्येतच असतात. ३३६ बोंडांना १५ ने भागले तर २२.४० येते, ३३७ ला भागले तर २२.४७. मधली २२.४२ ही सरासरी येऊच शकत नाही. म्हणजे झाडांची संख्या चुकीची आहे, छपाईची चूक आहे किंवा आणखी काही गडबड आहे. ही युक्ती मोजायच्या वस्तूंनाच लागू पडते. वजनाला किंवा उंचीला लावू नये. ब्राउन व हेदर्स यांनी ती मानसशास्त्रातील निबंधांना लावली, तेव्हा तपासता येण्याजोग्या निबंधांपैकी जवळपास निम्म्यांत निदान एक तरी न बसणारी सरासरी निघाली. भाषा मॉडेल अशी तपासणी तक्त्यातील प्रत्येक ओळीसाठी न कंटाळता करू शकते.

मोबाईलवर विचारावे कसे

माझ्या मते भाषा मॉडेलला न्यायाधीश करू नये, कारकून करावे. ‘हे औषध चांगले आहे ना?’ असा प्रश्न कधीही विचारू नये. प्रश्नातच आपला कल दिसला तर ही यंत्रे त्याच बाजूला झुकतात. पत्रकाचा नव्हे तर मूळ शोधनिबंधाचा मजकूर द्यावा. तो मिळत नसेल तर दुकानदाराकडे किंवा कंपनीच्या प्रतिनिधीकडे मागावा. मूळ निबंध देण्यास टाळाटाळ होत असेल तर पुढची तपासणी करण्याची गरजच राहत नाही.

निबंध दिल्यावर साधे, मोजके प्रश्न विचारावेत. प्रत्येक उपचाराच्या पुनरावृत्त्या किती? प्रयोग किती हंगाम आणि किती ठिकाणी झाला? वाफ्यांना उपचार चिठ्ठीने दिले होते काय? तुलनेसाठी ठेवलेल्या वाफ्यात नुसते पाणी फवारले होते की काहीच नाही? क्रांतिक फरक किती दिला आहे आणि सरासरींतील अंतर त्याहून मोठे आहे काय? जमीन, वाण, पेरणीची तारीख, मात्रा व फवारणीचे दिवस दिले आहेत काय? प्रयोगाचा खर्च कोणी केला? सोबत अशी सूचना द्यावी की प्रत्येक उत्तरासाठी निबंधातील वाक्य जसेच्या तसे दाखव आणि माहिती नसेल तर ‘निबंधात दिलेली नाही’ असे लिही. ही सूचना महत्त्वाची आहे, कारण माहिती नसताना पटेल असे उत्तर रचून देण्याची खोड या यंत्रांना आहे. दाखवलेले वाक्य निबंधात खरोखर आहे काय ते स्वतः बोट ठेवून पहावे. फोटोवरून तक्ता वाचताना दशांश चिन्ह आणि अंक चुकतात, म्हणून तक्त्यातील आकडे हाताने टाइप करणे चांगले.

‘याविषयी आणखी कोणी प्रयोग केले आहेत काय?’ या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरावर विशेष सावध रहावे. अस्तित्वात नसलेल्या निबंधांची नावे, लेखक आणि वर्षे यांसह दिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. शिवाय वर सांगितलेली कपाटातली वही येथे आडवी येते. ज्या प्रयोगांत वाढ दिसली नाही ते छापलेच गेले नाहीत, तर मॉडेलने ते वाचणार कोठून?

आणि पुनरावृत्तीचा नियम मॉडेललाही लावावा. एकच प्रश्न, नव्याने सुरुवात करून, तीन वेळा विचारावा. तिन्ही वेळा ‘पुनरावृत्त्या चार, हंगाम एक’ असे उत्तर आले तर ते निबंधाशी ताडून स्वीकारावे. एकदा चार, एकदा तीन असे आले तर त्या निबंधापुरते मॉडेल बाजूला ठेवून कृषी विज्ञान केंद्रातील विषय विशेषज्ञांकडे निबंध घेऊन जावे.

आपल्या शेतातील पट्टे

सर्व तपासणीतून निबंध पार पडला तरी तो दुसऱ्याच्या शेतातील असतो. म्हणून पहिल्या वर्षी सर्व क्षेत्रावर फवारणी न करता सारख्या जमिनीचे आठ पट्टे पाडावेत. त्यांच्या लगतच्या चार जोड्या कराव्यात. प्रत्येक जोडीत कोणता पट्टा फवारायचा हे नाणे उडवून ठरवावे. ‘चांगल्या पिकावर फवारू’ असे करू नये. बांधालगतच्या आणि झाडाच्या सावलीतील ओळी सोडाव्यात. न फवारलेल्या पट्ट्यांवर तेवढेच साधे पाणी फवारावे. वाण, बियाण्याचे प्रमाण, खत आणि आंतरमशागत आठही पट्ट्यांत एकाच दिवशी व सारखी असावी. फवारणीची तारीख, पाऊस आणि कीड-रोगाची नोंद वहीत ठेवावी. काढणीच्या वेळी प्रत्येक पट्ट्यातून मधल्या सारख्या लांबीच्या ओळी वेगळ्या कापून, मळून, वाळवून वेगळ्या पोत्यात भराव्यात आणि पोत्यावर पट्ट्याचा क्रमांक लिहावा. एकाच काट्यावर वजन करावे. घाईत दोन पट्ट्यांची मळणी एकत्र झाली तर ती जोडी हिशेबातून वगळावी, अंदाजाने आकडा भरू नये. पुढच्या हंगामात पट्ट्यांची जागा बदलून हेच पुन्हा करावे आणि दोन्ही वर्षांची वही सोबत आणावी.